कपाटाला लावलेला दोरा

थोरलीचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि याचा तिला मनातून अभिमान होता. दूधवाल्याने मोजून दिलेलं दूध ती आत नेऊन स्वतःच्या मापाने पुन्हा मोजायची. शिंप्याकडे कापड टाकलं की उरलेला तुकडा मागून घ्यायची आणि पलंगावर पसरून कपड्याशी जुळवून बघायची. घड्याळ दुरुस्त होऊन आलं, की आतला चांगला भाग काढून घेतला असणार याबद्दल तिची खात्रीच. मग घड्याळ बरोबर चाललं तरी ती त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायची. ज्या मोठ्या इस्पितळाच्या प्रशिक्षण खात्यात ती नोकरी करायची, तिथे तिला पाठीमागे 'चाळणी' म्हणत. हे तिला ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, तेही ठाऊक होतं.

इस्पितळातल्या कामगारांसाठी दरवर्षी इंग्रजीची परीक्षा व्हायची. पास झालं की चौकशीच्या खिडकीवर किंवा नोंदणीच्या टेबलावर बसायला मिळायचं. यंदा मात्र गोष्ट नुसत्या बढतीची राहिली नव्हती. जुनी लिफ्ट जाऊन आपली आपण चालणारी येणार होती, कपडे धुण्याचं काम बाहेर देणार होते, आणि जे पास होणार नाहीत त्यांना घरी बसावं लागणार होतं. या परीक्षेतला व्याकरणाचा पेपर थोरली काढायची.

तो पेपर म्हणजे तिचा लाडका उद्योग. डावीकडे कर्ते, उजवीकडे क्रियापदं, आणि कोणाला कोण शोभतं ते जुळवायचं. एकटा असेल तर 'इज', अनेक असतील तर 'आर', एवढी साधी गोष्ट. पण थोरली साधं काही करणाऱ्यातली नव्हतीच. 'द बॉक्स ऑफ बँडेजेस' असं लिहून ती गालातल्या गालात हसायची. मधल्या बँडेजेसच्या गर्दीला माणूस भुलतो आणि 'आर' लावून मोकळा होतो. खरा कर्ता बिचारा एकटा बॉक्स. सापळ्यात खाऊ ठेवावा तशी ती अशी वाक्यं पेपरात ठेवायची, आणि दरवर्षी अर्धे लोक अडकायचे.

पेपर तयार झाला की तो ऑफिसात ठेवायचा असा नियम होता. पण ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली साहेबांकडे असायची, आणि साहेबांवर थोरलीचा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून ती पेपर गुपचूप घरी आणायची आणि झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवायची.

घरात दुसरं माणूस होतं ते एकच, तिची धाकटी बहीण. आईवडील गेल्यापासून दोघीच राहत होत्या. धाकटीला मागणी घालायला जो कोणी आला, त्याची थोरलीने इतकी चौकशी केली की तो पुन्हा या रस्त्याला फिरकला नाही. धाकटी त्यावर हसायची. तिला कशाचंही हसू यायचं. इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे एक खोली भाड्याने घेऊन ती संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. आणि तिच्याकडे शिकायला कोण यायचे? तर इस्पितळातलेच कामगार. "वर्गात माझं नाव काढायचं नाही हं, चिमे," थोरलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "लोक नको त्या शंका घेतात." धाकटीने ते पाळलं. तिथे सगळे तिला नुसतं 'छोट्या बाई' म्हणत.

गेल्या वर्षी निकाल लागला आणि थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. छोट्या बाईंच्या वर्गातला एकही माणूस बँडेजेसच्या सापळ्यात अडकला नव्हता. बाकीचे धडाधड कोसळले होते, आणि ही मंडळी मात्र आधी कुणी वाट दाखवून ठेवल्यासारखी अलगद पलीकडे गेली होती. हुशार म्हणावं तर त्यातल्या निम्म्यांना आपला पत्तासुद्धा धड इंग्रजीत लिहिता येत नव्हता.

थोरलीने यंदा पेपर कपाटात ठेवला त्याच दिवशी शिवणाच्या डब्यातला निळा दोरा काढला, त्याचा बोटभर तुकडा तोडला आणि कपाटाच्या दोन्ही दारांवर आडवा, खाली अगदी कोपऱ्यात, थुंकी लावून चिकटवला. दार उघडलं की दोरा पडणार. रोज कामावरून आली की पर्स ठेवायच्या आधी ती गुडघ्यावर बसून दोरा बघायची. दोरा रोज जागच्या जागी असायचा.

दुसऱ्या कुणाचं यावर समाधान झालं असतं. थोरलीचा संशय उलट वाढला. साधी थुंकीने चिकटवलेली गोष्ट इतके दिवस टिकते कशी? एकदा वाकून बघितलं तर दोरा किंचित तिरका वाटला. एकदा सरळ वाटला, आणि आपण तो तिरका लावल्याचं तिला पक्कं आठवत होतं. धाकटी भलतीच पोहोचलेली आहे, असा निष्कर्ष तिने काढला, पण या निष्कर्षाचा तिला नेहमीसारखा अभिमान वाटला नाही. कारण परकी माणसं फसवणारच, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. धाकटीचं तसं नव्हतं. आई आजारी असताना याच पोरीला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं.

तिने धाकटीची पिशवीही तपासायला सुरुवात केली. वर्गावरून आली की धाकटी हातपाय धुवायला जायची, तेवढ्यात थोरलीचा हात पिशवीत. खडू, डबा, छत्री, कुणीतरी दिलेल्या गोळ्या. संशयास्पद काही नाही, हेच फार संशयास्पद. परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटी टॉवेल विसरली म्हणून परत फिरली, आणि थोरली कोपरापर्यंत पिशवीत होती.

"काय शोधतेस, ताई?"

"कंगवा."

"कंगवा तुझ्या केसांत आहे."

थोरलीने हात डोक्याला लावला. कंगवा होता. आता माणूस अशा वेळी ओशाळतो, पण थोरली ओशाळली की चिडायची. इतके दिवस मूग गिळून बसलेली ती एकदम भडकली.

"तुझ्या वर्गाला पेपर कुठून मिळतो, चिमे?"

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिने दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला.

"बोल की! ज्यांना नाव लिहिताना घाम फुटतो, त्यांना माझे सापळे कळतात कसे? कपाट या घरात आहे आणि घरात आपण दोघीच आहोत."

"मी शिकवते त्यांना," धाकटी म्हणाली.

"आम्हीही शिकवतो. आमच्याकडे कुणाला येत नाही ते!"

यावर धाकटी काहीच बोलली नाही. थोरलीला तिची ती गप्प राहण्याची तऱ्हा लहानपणापासून आवडायची नाही. "हे बघ," ती म्हणाली, "उद्या परीक्षा होऊ दे. तुझी माणसं या वेळीही तशीच सुटली, तर मी काय समजायचं ते समजेन. मग तू तुझी सोय बघ."

"आणि नापास झाली तर?"

"तर माझं चुकलं."

"म्हणजे मी आता ती नापास व्हावीत म्हणून देवाला हात जोडू का?" धाकटीने विचारलं. "लिफ्टवालीची नोकरी जाते आहे, ताई. तिच्या घरी तिच्याशिवाय कमावणारं कोणी नाही." आणि ती टॉवेल घेऊन आत गेली.

पण थोरलीने एक डाव मनात ठेवला होता, तो तिला सांगितला नाही. परीक्षेच्या दिवशी ती उजाडताच ऑफिसला गेली, दार आतून लावून घेतलं आणि संपूर्ण नवा पेपर काढला. स्वतः टाईप केला. शिपायाला बाहेर पिटाळून झेरॉक्सच्या मशीनपाशी स्वतः उभी राहिली. बिघडलेल्या प्रतीसुद्धा फाडून पर्समध्ये टाकल्या. जुना पेपर घरी कपाटात साड्यांखाली आरामात पडला होता. आता बघू, छोट्या बाईंची हुशार मंडळी काय करतात ते.

परीक्षा इस्पितळाच्या जेवणघरात होती. लांबलचक टेबलं दूर दूर लावली होती, आणि जंतुनाशकाचा वास भांड्यांच्या वासात मिसळला होता. थोरलीने दारातच सगळ्यांच्या पिशव्या काढून घेतल्या, बाह्या वर करायला लावल्या, एकाला तर चष्म्याची डबी उघडायला लावली. मग पेपर वाटले आणि ती डोळ्यात तेल घालून फिरू लागली.

छोट्या बाईंचे लोक तिने आधीच हेरून ठेवले होते. पुढच्या टेबलावर लिफ्टवाली, तिच्या मागे रुग्णवाहिकेचा चालक, पलीकडे कपडे धुणाऱ्या दोघी. पेपर बघून ते गांगरतील असं थोरलीला वाटलं होतं. ते गांगरले नाहीत. एकेक वाक्य ओठातल्या ओठात वाचत होते आणि शांतपणे लिहीत होते.

मग तिला तो आवाज ऐकू आला. टप. लिफ्टवालीचं बोट टेबलावर पडलं होतं. तिने लिहिलं. पुढचं वाक्य. टप टप. तिने पुन्हा लिहिलं. मागचा चालक मान खाली घालून होता, पण त्याच्या बुटाचं टोक जमिनीवर पडलं, टप टप, आणि त्यानेही लिहिलं. धुलाईवाल्या दोघींची बोटं मांडीवर हलत होती. थोरलीने चालत चालत लिफ्टवालीच्या खांद्यावरून नजर टाकली. एक टप, तिथे 'इज'. दोन टप, तिथे 'आर'. सगळी उत्तरं बरोबर.

थोरलीला अक्षरशः आनंद झाला. कपाट नाही, पेपर नाही, या तर खुणा! इतक्या दिवसांचा गुंता असा भर दुपारी सुटला होता. तिने लिफ्टवालीचा आणि चालकाचा पेपर झडप घालून ओढून घेतला, शिपायाकडून साहेबांना चिठ्ठी पाठवली की खुणा करून चाललेली सामूहिक कॉपी पकडली आहे, एका कारकुनाला टेबलांपाशी उभं केलं आणि लिफ्टवालीला शेजारच्या भांड्यांच्या खोलीत नेलं. असा अहवाल गेला की ही माणसं कायमची बाद होणार, आणि छोट्या बाईंच्या वर्गाला टाळं लागणार. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"कुणाला खुणा करत होता?"

"खुणा?" लिफ्टवाली पांढरीफटक पडली होती. "नाही हो, बाई. शपथ घेते. हात आपोआप जातो."

"आपोआप एकदा आणि आपोआप दोनदा?"

"आमच्या छोट्या बाई तसंच शिकवतात. जोडीजोडीने बसवतात आम्हाला. एकाने वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर थाप द्यायची. एकटा असला की एक, पुष्कळ असले की दोन. डोळे मिटून. कान फसतात म्हणतात त्या, डोळेही फसतात, पाठ फसत नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला खोटं वाटतंय. जरा पाठ करा इकडे, दाखवते."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी थोरलीने कुणाकडे पाठ केली नसती. पण ती वळली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"द बंच ऑफ कीज," लिफ्टवाली मागून म्हणाली, आणि तिचा तळवा थोरलीच्या दोन खांद्यांच्या मधोमध पडला. एकदा, थोडा वेळ टेकून राहिलेला. "द नर्सेस इन द वॉर्ड." दोन थापा, दुसरी पहिलीपेक्षा हलकी.

थोरली भांड्यांच्या फळीला धरून उभी राहिली. ती थाप तिची होती. टेकून राहणारा तळवा आणि ती हलकी दुसरी थाप, दोन्ही तिची. आई आतल्या खोलीत आजारी, दुपारची वेळ, धाकटी मांडीवर पालथी, काही केल्या झोपत नसलेली, आणि शाळेतल्या थोरलीचा दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर. मग ती पोरीला थोपटता थोपटता धडा पाठ करायची. द बॉय रन्स. थाप. द बॉईज रन. थाप, थाप. हे आपण कधी केलं होतं, हेच ती विसरून गेली होती. जिला थोपटलं होतं ती विसरली नव्हती.

"त्यांनाही असंच कुणी शिकवलंय," लिफ्टवाली नाक पुसत म्हणाली. "त्यांची ताई आहे म्हणे कुठेशी. छोट्या बाई फार सांगतात तिचं. म्हणतात, माझ्या ताईचं कधी चुकत नाही."

साहेब आले तेव्हा थोरलीच्या हातातला अहवालाचा कागद कोराच होता.

"कॉपी नाही, साहेब. माझी समजूत चुकली. यांचे पेपर यांना परत द्या, गेलेला वेळही द्या."

साहेबांनी भुवया उंचावल्या. चाळणीच्या तोंडून हे वाक्य त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. "आणि त्या खुणा?"

"ती शिकवण्याची पद्धत आहे. मीच लावलेली. म्हणजे... यांना शिकवते ती माझी धाकटी बहीण आहे."

लिफ्टवालीने तोंडावर हात ठेवला. साहेबांनी तिला बाहेर पाठवलं, दार लोटलं, आणि ते थोरलीकडे अशा काही नजरेने बघू लागले की ती नजर तिला लगेच ओळखू आली. ती रोज आरशात बघायची.

"बहीण," ते म्हणाले. "तुमच्याच घरात राहणारी?"

"हो."

"आणि पेपर तुम्ही काढता. ठरलेला पेपर सोडून आज सकाळी नवा टाईप केलात, असं शिपाई म्हणाला. नवा काढताना कोण होतं बरोबर?"

"कोणी नव्हतं. मी दार लावून घेतलं होतं."

"छापताना?"

"शिपायाला बाहेर पाठवलं होतं."

"हं," साहेब म्हणाले. "आणि जुना पेपर ऑफिसच्या कपाटात दिसला नाही मला."

आपण काही केलेलं नाही हे तिला जितकं लख्ख माहीत होतं, तितकंच ते सिद्ध करता येणार नाही हेही दिसत होतं. साक्षीदार म्हणून तिने कुणाला जवळ उभंच राहू दिलं नव्हतं. तिने एकच गोष्ट केली. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती.

लिफ्टवालीला आणि चालकाला त्यांचे पेपर परत मिळाले. ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेतो, असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षीपासून तुम्ही पेपर काढायची तसदी घेऊ नका, असंही म्हणाले, आणि झाल्या प्रकाराची चौकशी होईल, तोवर घरी थांबलात तर बरं.

ऊन उतरताना थोरली घरी पोहोचली. दारातच धाकटीची मोठी पिशवी भरून ठेवलेली होती, चेन अर्धवट लावलेली. धाकटी आत कपाट पुसत होती. शेवटचं म्हणून सगळं घर पुसून काढलेलं दिसत होतं. थोरली उंबऱ्यातच थबकली. धाकटीने कपाटाच्या खालच्या कोपऱ्यावरून फडकं फिरवलं, दोरा खाली पडला. तिने तो चिमटीत उचलला, बोट जिभेला लावलं आणि होता तिथे काळजीपूर्वक परत चिकटवला.

"चिमे," थोरली म्हणाली. "तुला माहीत होतं?"

धाकटीने मागे वळून पाहिलं. "पहिल्या दिवसापासून. रोज पुसताना पडायचा. परत नाही लावला तर तुला झोप लागली नसती." ती उठली आणि फडकं झटकू लागली. "कपाट मी उघडलं नाही, ताई. पण ते सांगून काय उपयोग? तू दोऱ्यालाच विचारणार. झाले का माझे लोक पास?"

"होतील."

"मग मी जाते. वर्गाच्या खोलीत खाट टाकली आहे. तू म्हणालीच होतीस."

थोरलीला पुष्कळ काही बोलायचं होतं. थापेबद्दल, भांड्यांच्या खोलीबद्दल, माझं चुकलं याबद्दल. पण ती मटकन खुर्चीत बसली आणि भलतंच बोलून गेली. "साहेबांना वाटतंय, मीच तुला पेपर दिला. चौकशी लावली आहे माझ्यावर."

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं.

"कोण म्हणालं?"

"साहेब."

"डोकं फिरलंय का त्या माणसाचं?" धाकटी इतक्या जोरात ओरडली की थोरली दचकली. "तू? तू पेपर फोडशील? स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप दहा वेळा ओढून बघणारी बाई तू! मला साधं शेजारी पातेलं मागू दिलं नाहीस कधी, आणि तू पेपर वाटशील? म्हणायला जीभ कशी धजली त्याची?"

"तुला काय माहीत, मी दिला नाही ते?" थोरली हळूच म्हणाली. "तुला नाही दिला. पण दुसऱ्या कुणाला दिला असेल. तू बघायला होतीस का?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं ते असं, की एवढीशी गोष्ट या बाईला समजत कशी नाही. "बघायला कशाला हवं?"

एवढंच म्हणून ती दारापाशी गेली, आणि पाय चपलेत सरकवू लागली. घाईत एक चप्पल स्वतःची आणि एक थोरलीची घातली गेली. "साहेब असतो का या वेळी ऑफिसात? असू दे, नसला तर घर शोधते. माझ्या ताईवर संशय घेतो म्हणजे काय!"

"चिमे, अगं पिशवी..."

"राहू दे तिथेच. आल्यावर बघू."

जिन्यावरून दोन वेगवेगळ्या चपलांचा आवाज खाली उतरत गेला. थोरली उठली, दारातली पिशवी दोन्ही हातांनी उचलून आत आणली आणि धाकटीच्या पलंगापाशी ठेवली. चेन अजून अर्धी उघडीच होती. थोरलीने मान दुसरीकडे वळवली, चाचपत चेनचं टोक शोधलं, आणि आत न बघता पिशवी लावून टाकली.